खांबाचा दगड

म्हाळसाबाईच्या पसरलेल्या पायांवर अकरा दिवसांची पोर उताणी पडली होती आणि गरम पाण्याचा पहिला तांब्या अंगावर येताच तिनं सोलापूरची सगळी शुक्रवार पेठ डोक्यावर घेतली होती. म्हाळसाबाई मात्र हसत होती. "रड की, रड. छाती मोकळी हुती," असं म्हणत तिनं डाळीच्या पिठाचा हात पोरीच्या पोटावरून फिरवला, चिमटीत नाक धरून नीट केलं, आणि पाण्याचा शेवटचा तांब्या ओवाळून मोरीत टाकला. वय बासष्ट. पहाटे चारला उठून विकायच्या दीडशे कडक भाकरी थापून झालेल्या, तरी बाई तासभर पाय पसरून बसायला तयार. पणतीला न्हाऊ घालायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

बाजेवर पडल्या पडल्या तिची नात दीपाली हे बघत होती. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. माहेर म्हणजे आजीचंच घर. दीपालीची आई सुकन्या ही म्हाळसाबाईची एकुलती एक लेक. तिचा नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर, त्यामुळे माडीवरच्या या दोन खोल्यांत राज्य बायकांचं. उद्या बारावा दिवस, उद्या बारसं. भाड्याचा पाळणा येऊन पडला होता आणि सुकन्या त्याच्या कड्यांना तेल घालत होती.

नऊच्या सुमाराला बिरप्पा आला. म्हाळसाबाईचा थोरला चुलत दीर, एके काळी खाणीवरच्या टोळीचा मुकादम, वय शहात्तर, डोक्याला फेटा, हातात काठी. धनगरांच्या पंधरा-वीस घरांत त्याचा शब्द अजून चालतो. खुर्चीवर बसून त्यानं चहा बशीत ओतला, निम्मा प्याला, आणि मग घसा खाकरला. असा खाकरला म्हणजे काहीतरी नको ते निघणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्हाळसा, जोतिरामचा फोन आला हुता. उद्या तिकडनं तीसेक माणूस येतंय. त्येचं म्हणणं पडलं, तू आज दुपारच्या गाडीनं करकंबला भनीकडं जा. परवा ये. बारसं तेवढं हू दे."

जोतिराम म्हणजे दीपालीचा सासरा. सुकन्याचा तेलाचा हात थांबला. दीपाली कोपरावर उठून बसली. म्हाळसाबाईनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं, तिच्या आईच्या कुशीत दिलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "बरं." मग ती आत जाऊन पिशवी भरायला लागली.

बघा आता. घर तिचं, भाकरी थापून थापून बांधलेलं. अकरा दिवस पोरीच्या अंगाला हात तिचा, टाळूला तेल तिचं, शेक-शेगडी तिची. तेव्हा त्या हातांचं कुणाला वावडं नव्हतं. वावडं सुरू होणार बाराव्या दिवशी, पाहुणे जमले की. तिनंही एका शब्दानं विचारलं नाही, कारण विचारायची सवय मोडून बेचाळीस वर्षं झाली होती. सुकन्याच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा ती मांडवामागं उभी होती. दीपालीच्या लग्नात आचाऱ्याच्या कढईजवळ बसून तिनं भज्यांचा कांदा चिरला, आणि डोळ्यांतून पाणी कशाचं येतंय हे कुणाला सांगावं लागलं नाही. ती विधवा आहे एवढंच कारण असतं तर तिच्यासारख्या आणखी चार जणी मांडवात बसल्याच होत्या. म्हाळसाबाईवरचा आळ जास्त मोठा होता. ती खाणीत पाऊल टाकून तीन माणसं गिळलेली बाई होती. त्या तिघांत तिचा स्वतःचा नवरा होता, आणि या जोतिरामचा बापही होता.

पिशवीत दुसरं लुगडं गेलं, तेवढ्यात दारात यज्ञेश्वर सर आले. सोलापुरातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले, खांद्याला झोळी, चष्म्याला दोरी. त्यांचे वडील त्या खाणीवरच्या मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे सरांचं बालपण तिथंच गेलं. गेली तीन वर्षं ते खाणीचा इतिहास लिहीत होते. छापायला टाकायच्या आधी म्हाळसाबाईला एक प्रकरण वाचून दाखवायचं, असं त्यांनी कळवलं होतं. बिरप्पाला बघून त्यांना आनंद झाला. "बरं झालं, मुकादमही आहेत. दोघांनीही ऐका."

म्हाळसाबाई आतल्या उंबऱ्यावर टेकली. पिशवी मांडीवर. सर वाचू लागले.

"हसरगुड्डा हे कर्नाटकातल्या डोंगरातलं लहानसं गाव. कानडीत हसिरु म्हणजे हिरवं आणि गुड्डा म्हणजे टेकडी. या टेकडीवर झाड औषधालाही नाही. हिरवा आहे तो तिचा दगड, कारण तिच्या पोटात तांबं आहे. हे तांबं पहिल्यांदा कुणी काढलं, त्याची नोंद नाही. त्या जुन्या लोकांनी दगडाशी जाळ करून, वर पाणी ओतून तो तडकवला, आणि माणूस सरपटत जाईल एवढी बिळं मागं ठेवली. पुढं गोऱ्यांची एक कंपनी आली, दहा-बारा वर्षांत तांब्याचा भाव पडल्यावर यंत्रं गंजत टाकून गेली. साठ सालानंतर एका ठेकेदारानं खाण पुन्हा उघडली, आणि बाहत्तरच्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडची आपली धनगर माणसं मेंढरं विकून तिथं पोचली."

"पाच मेंढरं नेली हुती," बिरप्पा मान डोलावत म्हणाला. "वढ्याचं पाणी प्याली न्हाईत. हिरवं पाणी. मानसं प्याली."

सरांनी ते समासात टिपून घेतलं आणि पुढं वाचलं. पुरुष बोगद्यात शिरून दगड काढत, बायका बाहेर बसून हातोडीनं तो फोडत आणि पिवळी झाक असलेला वेगळा करत. फोडणाऱ्या बायकांच्या तळव्यांच्या रेघा वर्षभरात हिरव्या होत. आत जसजसं खोदावं तसतशी पोकळी वाढते, म्हणून मधेमधे डोंगराचेच खांब उभे ठेवतात. खांबांतही तांबं असतंच, कधीकधी सगळ्यात चांगलं. पण त्यांना हात लावायचा नसतो, कारण वरचा डोंगर त्यांनीच पेललेला असतो.

"बोगद्याच्या तोंडाशी खडूनं एक रेघ आखलेली असे," सर वाचत होते. "खाण ही कायमची बाळंतीण, तिच्यावर दुसऱ्या बाईची सावली पडू नये, अशी तिथली श्रद्धा. कोणतीही स्त्री ती रेघ ओलांडत नसे."

इथं आपण थोडं थांबू. ठेकेदाराच्या साहेबाची बायको दर दिवाळीला चपला घालून आत जायची, कंदिलाच्या उजेडात फोटो काढून घ्यायची आणि बाहेर येऊन खोकायची. तिची सावली बाळंतिणीला कधी बाधली नाही. हे सरांच्या प्रकरणात नव्हतं. तिथं पुढचं वाक्य असं होतं:

"त्र्याऐंशी साली श्रावणी अमावस्येला एका गरोदर स्त्रीनं कुणाचंही न ऐकता ती रेघ ओलांडली. त्यानंतर तासाभरात छत कोसळलं आणि तीन तरुण दगावले. श्रद्धा म्हणा की योगायोग, खाणीवरची माणसं ती घटना आजही विसरलेली नाहीत."

सरांनी चष्मा वर केला. "नाव मुद्दाम घातलेलं नाही, म्हाळसाबाई. तुम्हाला त्रास नको."

पोर दीपालीच्या कुशीत चुकचुक करत दूध पीत होती. तिच्याकडं बघत म्हाळसाबाईनं विचारलं, "ह्ये छापणार?"

"हो. दोनशे प्रती."

"मंजे ही उद्या वाचाय शिकली की वाचंल." तिनं पोरीकडं बोट केलं. "आन माझं नाव न्हाय घातलं तर ती इचारंल, ती बाई कोण. आन लोक सांगतील."

"म्हाळसा," बिरप्पा म्हणाला, "गाडी चुकंल तुजी."

"चुकू द्या, भावजी."

तिनं पिशवी बाजूला ठेवली. मोठ्या दिराच्या डोळ्यांत ती सरळ बघतीय हे सुकन्या जन्मात पहिल्यांदा पाहत होती. तिच्या हातातली तेलाची वाटी जमिनीवर कशी टेकली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"सर, आता मी सांगती त्ये लिवा. त्या दिशी माझ्या ढिगात एक दगड आला. एका अंगाला त्येच्या चुना. खाणीच्या आत चुना कुटनं यील? सायबानं खांबांवर चुन्याच्या फुल्या मारल्या हुत्या, हात लावायचा न्हाय म्हणून. माझ्या शेजारी अक्कम्मा बसायची, कानडी बाई, लई वर्सं दगड फोडलेली. तिनं दगड बगितला आन तिचा हातोडा थांबला. म्हणली, खांब चाटाय लागल्यात गं. खांब चाटणं म्हणायचं त्येला तितं. खांबांभवतीचा दगड संपला की टोळी खांबाचाच थोडा थोडा तोडून घ्यायची. टोळीला गाडी भरून दाखवायची असती."

बिरप्पानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मला चवथा म्हयना हुता. मी पळाली. रेघ दिसली न्हाय असं न्हाय. दिसली आन वलांडली. आत अंधारात ह्येंच्या नावानं हाका मारल्या. नवऱ्याचं नाव घिऊन, व्हय. ह्ये म्होरं आलं. मला म्हणलं, आदी भाईर हो, लोक काय म्हणतील. मी म्हणलं, खांब पडंल, समद्यांना भाईर काडा. तर म्हणलं, भावजी म्हणत्यात आजच्या दिवसच, उद्यापासनं हात लावायचा न्हाय. मला दंडाला धरून भाईर आणलं. रेघंच्या अलीकडं सोडलं. स्वता भाईर हुतं बगा, सर. उनात हुतं. बाकीची हसाय लागली, बायकूच्या हाकंवर आला म्हणून. त्या लाजंनं परत आत गेलं."

सुकन्या आईकडं बघतच राहिली. बाप आत असताना मेला, हे तिला ठाऊक होतं. तो बाहेर येऊन पुन्हा आत गेला होता, हे तिला एकेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. बापाला खाऊन जन्मली, हे शब्द तिनं शाळेत ऐकले होते, सासरी ऐकले होते, आणि खरे मानून गिळलेही होते.

"पण वडिलांच्या वहीत तर..." सर चाचरले. "अपघाताचा जबाब वडिलांनीच लिहून घेतला होता. मी तोच आधार धरला."

"मास्तर त्या टायमाला शाळंत हुतं. त्येंनी भावजींनी सांगितलं तसं लिवलं. मला इचारलं न्हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी बी आदी लिवलं आन मग इचाराय आला."

सरांनी मान खाली घातली. घालायलाच हवी होती.

"आता तिसऱ्या दिशी काय झालं त्ये बी लिवा," म्हाळसाबाई म्हणाली. "भावजी आलं. म्हणलं, खांबाचं भाईर कळलं तर चूक आपल्याच माणसांची ठरंल, तिन्ही रांडमुंड बायकांना कंपनी काय बी देणार न्हाय. जोतिरामची आई लहान चार पोरं घिऊन बसली हुती. मी म्हणलं, मी न्हाय बोलत. मला वाटलं, भरपाई मिळंपतूर गप ऱ्हायचं हाय. मला काय म्हाईत जलमभर ऱ्हायचंय."

म्हणजे ज्या जोतिरामला उद्या तिची सावली नको होती, तो जोतिराम लहानाचा मोठा झाला तो तिच्या गप्प राहण्यावर. आणि असं गप्प राहणारं माणूस मिळालं की आपण काय करतो? आणखी चार धोंडे त्याच्याच डोक्यावर ठेवतो.

बिरप्पा उठला नाही. रागावलाही नाही. "दादल्याचं नाव घालवतीयास तू," एवढं कसंबसं म्हणाला. "बिरुदेव बी त्यात हुता."

"हुता की. लिवा, सर. बिरुदेव, माजा मालक, खांब चाटत हुता. त्येंच्या नावापायी मी लई वर्सं माजं नाव जाळलं. आता पुरं झालं. पर तुमी सांगा, भावजी. मी आत गेल्यामुळं डोंगर पडला का?"

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"न्हाय," बिरप्पा म्हणाला. "खांब आमी तोडला. मी सांगितलं म्हणून तोडला. पर तीन मढी समोर पडल्यावर, म्हाळसा, कुणाला तरी धराय लागतंय. मला धरलं असतं तर टोळी फुटली असती. तू एकटी हुतीस."

हे त्यानं अगदी साधेपणानं, हिशोब सांगावा तसं सांगितलं. दीपालीनं पोरीला खांद्यावर टाकलं, उशाचा मोबाईल घेतला, सासऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून बिरप्पापुढं धरला. "आबा, सांगा मामांना. आत्ता सांगा."

बिरप्पानं सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. सुकन्या हात जोडून उभी होती. तिला वाटत होतं, आता जोतिराम रडेल, आता माफी मागेल.

"म्हाईत हाय की, काका," जोतिराम म्हणाला. "आईनं जायच्या आदी सांगितलंय मला. म्हणली, म्हाळसाबाईचा काय बी दोष न्हवता."

"मग रं?"

"मग काय? किती जणांला सांगत बसू? माज्या भावकीत निम्म्या लोकांला ठावं हाय. पर इतकी वर्सं समदी तिला टाळत्यात, तशी रीत पडलीया. उद्या ती पाळण्यापशी दिसली तर बायका कुजबुजणार. पोरीचं पहिलं कार्य हाय. एक दीस भाईर ऱ्हायली तर काय बिगाडतंय तिचं?"

वाचणाऱ्यांनो, आपल्याकडं अशी समजूत आहे की लोक अडाणी असतात, त्यांना खरं काय ते समजावून सांगितलं की वाईट चाली आपोआप सुटतात. त्यासाठी आपण भाषणं करतो, पुस्तकं छापतो. इथं खरं सगळ्यांना कळून चुकलं होतं. ते आईकडून मुलाला मरताना सांगितलं गेलं होतं, घराच्या कागदपत्रांसारखं. फक्त ते वापरायचं कुणाच्या मनात नव्हतं.

"मामा," दीपाली फोनमध्ये म्हणाली, "आज्जी कुटंच जाणार नाही. घर तिचं आहे. माझ्या लग्नात ती आचाऱ्यापाशी बसली आणि मी हळद लावून गप्प बसले, त्याची लाज मला अजून वाटतीय. तुम्ही उद्या या. आला तर आज्जीच्या घरी येताय, एवढं धरून या." आणि तिनं फोन ठेवला. सासरी नांदायचं होतं तिला, महिन्याभरात परत त्याच घरात जायचं होतं, हे ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला गाडी भरून पाहुणे आले. करकंबला गेलेली असेल या आशेनं वर चढलेल्या बायकांना म्हाळसाबाई पाळण्याशी उभी दिसली. नवं लुगडं, स्वच्छ हात, चेहऱ्यावर काही नाही. बायका दारातच एकमेकींना चिकटून थांबल्या. दीपालीचा नवरा अजिनाथ जिन्यात उभा राहिला, धड आत नाही, धड बाहेर नाही. त्यानं बायकोकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि मग मोबाईल काढून त्यात बघत राहिला.

"आई, जरा वेळ आतल्या खोलीत बस की," सुकन्या पुटपुटली. तिचा धीर सुटला होता. "पोरीचं सासर हाय. पाया पडती तुज्या."

यासारखं वाईट म्हाळसाबाईच्या वाट्याला दुसरं काही आलं नसेल. बाहेरच्यांचं सोडा. जिला पोटात घेऊन ती त्या दिवशी बोगद्याकडं पळाली होती, ती ही लेक. तिनं लेकीच्या गालाला हात लावला. "न्हाय गं," म्हणाली. "आता न्हाय."

"मग आमी निगतो," जोतिराम खालून म्हणाला.

निघाले. एकेक करून जिना उतरले. जिनं पोरीच्या कानात नाव सांगायचं ती आत्या, अजिनाथची बहीण, क्षणभर घुटमळली. बापानं हाक मारल्यावर तीही गेली. अजिनाथ सगळ्यांत शेवटी गेला. घुगऱ्यांचं पातेलं झाकलेलंच राहिलं. खोलीत उरल्या तीन बायका, एक पोर, आणि भिंतीला टेकून बसलेले यज्ञेश्वर सर, ज्यांनी रात्रीतून ते पान फाडून नव्यानं लिहून आणलं होतं आणि आता ते कुणाला वाचून दाखवावं हे त्यांना कळत नव्हतं.

म्हाळसाबाई वाकली. आत्याचा मान तिनं घेतला. पोरीच्या कानाशी तोंड नेऊन तिनं नाव सांगितलं, वैदेही, आणि मग पाळण्याची दोरी ओढली. दीपाली पाळणा म्हणायला लागली. पहिलं कडवं तिनं एकटीनं म्हटलं. सुकन्यानं डोळे पुसले आणि दुसरं कडवं धरलं.

त्या संध्याकाळी शुक्रवार पेठेतून एकतीस माणसं न जेवता परत गेली. त्यांतल्या निम्म्यांना तरी म्हाळसाबाई निर्दोष आहे हे आधीच ठाऊक होतं. ती वाईट माणसं नव्हती. तुमच्या-माझ्यासारखीच होती. तुमच्या घरातल्या पुढच्या कार्याला कोणत्या बाईला आतल्या खोलीत बसवलं जाणार आहे, आणि तिचा काहीही दोष नाही, या दोन्ही गोष्टी तुम्हाला आजच माहीत आहेत.